लोदमधल्या ज्यू आणि अरब शिक्षिका एका ट्रेनिंगला बसतात तेव्हा

सरळच सांगते, मी या ट्रेनिंगला गेले ती पगारासाठी. इस्रायलमध्ये शिक्षकांना पगाराच्या वरच्या पायरीवर जायचं तर दरवर्षी ठराविक तासांचं ट्रेनिंग करावं लागतं, इथे सगळे त्याला हिश्तालमूत म्हणतात, आणि सणांच्या सुट्ट्या संपल्या की स्टाफरूममध्ये एकच चर्चा असते, कोणतं घ्यायचं, कुठलं जवळ पडतं, कुठे हजेरी लावून लवकर सटकता येतं. २०२१ च्या यादीत कॉम्प्युटरवालं काहीतरी होतं, वाचनात मागे पडणाऱ्या मुलांवर एक होतं, आणि एक होतं लोदमधल्या ज्यू आणि अरब शाळांतल्या शिक्षकांसाठी एकत्र. हे शेवटचं घरापासून चालत जाण्यासारखं होतं. झालं, दिलं नाव.

माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. मी मूळची ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू, ज्यांना शनवार तेली म्हणायचे. डी.एड. ठाण्यातच केलं, काही वर्षं मुंबईत शिकवलं, मग लग्न करून इकडे आले, हिब्रू शिकले, पुन्हा परीक्षा दिल्या आणि प्राथमिक शाळेत लागले. पहिली-दुसरी, गणित आणि वर्गाची बाई. लोद आणि शेजारच्या रामलामध्ये आपली मराठी माणसं बरीच आहेत. विमानतळ आणि विमानाचे कारखाने हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आपल्याकडचे कितीतरी जण तिथेच नोकरीला लागून इथे राहिले.

तर लोद. ऐंशी हजारांवर वस्ती, त्यातले जवळजवळ तीस टक्के अरब. एकाच जिन्यात दोन घरं ज्यू, दोन अरब, असं इथे सर्रास दिसतं. पण शाळा वेगळ्या. ज्यूंची साधी सरकारी शाळा, ज्यूंची धार्मिक सरकारी शाळा, कट्टर धार्मिकांच्या अजून वेगळ्या, आणि अरबांची अरबी माध्यमाची. त्यामुळे एका जिन्यात वाढलेली पोरं सकाळी चार दिशांना जातात. आमच्यासारख्या काही हिब्रू शाळांमध्ये अरब मुलंही येतात, आईवडिलांना वाटतं हिब्रू पक्कं झालं तर पुढे नोकरीला बरं. पण त्यांना शिकवणाऱ्या आम्ही सगळ्या ज्यू. आणि चौकापलीकडच्या अरब शाळेत काय चालतं, हे वीस वर्षं त्याच रस्त्याने जाऊनही माझ्या कुठल्याच सहकारी बाईला सांगता आलं नसतं.

मे २०२१ मध्ये ज्यू-अरब दंगलीत लोद पेटलं. ते इथे सगळं सांगत बसत नाही. गाड्या जळल्या, सिनेगॉग जळली, एक अरब तरुण गोळी लागून गेला, एक ज्यू माणूस दगड लागून गेला आणि त्याची किडनी जेरुसलेमच्या एका अरब बाईला बसवली. सरकारने गावात आणीबाणी लावली, १९६६ मध्ये अरब वस्त्यांवरची लष्करी राजवट उठल्यानंतर तिथे असं काही लागण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. शाळा सुरू झाल्यावर माझ्या वर्गातली मुलं एकमेकांकडे बघत नव्हती. सात वर्षांची मुलं! त्यातूनच त्या वर्षी अशी ट्रेनिंगं निघाली, पैसे आले, वरून माणसं आली.

पहिल्या मीटिंगला गेले तर खुर्च्या गोल मांडलेल्या आणि बायका अर्ध्या गोलात हिब्रूत बोलतायत, अर्ध्या गोलात अरबीत, मधे दोन खुर्च्या रिकाम्या. कोणी ठरवलं नव्हतं तरी तसंच झालं होतं. पुरुष मोजके, एक इतिहासाचे सर, एक पीटीचे सर. अरब शिक्षिकांपैकी बऱ्याच जणी लोदच्या नव्हत्याच, कोणी तैबेहून, कोणी कफर कासमहून रोज गाडीने येणाऱ्या, सहा नंबरच्या हायवेवर तासतासभर अडकून शाळेत शिकवायचं, वर संध्याकाळी हे. इथे अरब शिक्षकांची संख्या नोकऱ्यांपेक्षा जास्त आहे आणि ज्यू शाळांना शिक्षक मिळत नाहीत, त्यामुळे मिळेल तिथे जायचं. आमच्यातल्या एका बाईंनी "घरून यायला किती वेळ लागला?" असं सहज विचारलं, उत्तर ऐकून आम्ही चालत येणाऱ्या सगळ्या गप्प.

फॅसिलिटेटर दोघी, एक ज्यू एक अरब. दोघी नेवे शालोमच्या स्कूल फॉर पीसमध्ये तयार झालेल्या. नेवे शालोम म्हणजे लात्रूनच्या टेकडीवरचं छोटं गाव, ब्रूनो हुस्सार नावाच्या एका पाद्रीच्या डोक्यातून निघालेलं, ज्यू आणि अरब कुटुंबं मुद्दाम शेजारी राहतात. तिथे १९७९ पासून हे असं लोकांना समोरासमोर बसवायचं काम चालतं, त्यांची एक पद्धत ठरलेली आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर गॉर्डन ऑलपोर्टच्या अटी दाखवल्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्याने १९५४ मध्ये मांडलं की नुसतं भेटून पूर्वग्रह जात नाहीत, भेटणारे बरोबरीचे हवेत, काम एक हवं, एकमेकांशी स्पर्धा नको, आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. कफर कासमहून येणाऱ्या एक बाई, माझ्याच वयाच्या, हिजाब, हातात पर्सपेक्षा मोठी कापडी पिशवी, त्या बोट वर करून म्हणाल्या, "पहिली अट आपण हिब्रूत वाचतोय."

मला त्या तिथेच आवडल्या. पुढे जोड्या पाडल्या तेव्हा त्याच माझ्या वाट्याला आल्या. पुढे त्यांना माझी जोडीदारच म्हणते. हिब्रूत अहो-जाहो नाहीच, त्यामुळे दुसऱ्या मिनिटाला आम्ही अगं-तुगंवर होतो.

भाषेची गोष्ट मात्र खरीच डोकेदुखी होती. कागदावर ट्रेनिंग दोन्ही भाषांत. प्रत्यक्षात सगळ्या अरब शिक्षिकांना हिब्रू येतं, लहानपणापासून शाळेत शिकतात, आणि ज्यू शिक्षिकांना अरबी म्हणजे अहलन, यल्ला आणि दोन शिव्या. मग भाषांतर करणारी मुलगी आणली, कानाला हेडफोन. दोन मीटिंगा बरं चाललं, मग वेळ वाचवायला म्हणून गाडी हळूहळू पुन्हा हिब्रूवर. कुठली बाई जोरात भांडायला लागली की ती आपोआप अरबीत जायची आणि मग आमच्यातल्या जणी घाईने हेडफोन शोधायच्या, तोवर मुद्दा निघून गेलेला. मला स्वतःला हिब्रू ही चौथी भाषा, अजून माझे उच्चार ऐकून पालक विचारतात कुठल्या देशाच्या तुम्ही, त्यामुळे मला त्यांची अडचण आमच्या बाजूच्या इतरांपेक्षा जरा आधी कळायची एवढंच. पण मी पगार घेते ती हिब्रू शाळेचा, तेव्हा फार हुशारी मारण्यात अर्थ नाही.

त्या पद्धतीत एक भाग असतो, दोन्ही गट वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. ज्यू वेगळे, अरब वेगळे, आपली-आपली फॅसिलिटेटर. मला आधी वाटलं हे काय उलटंच, एकत्र यायला आलो आणि वेगळं काय बसवतायत. पण त्या खोलीत जे निघालं ते गोलात कधीच निघालं नसतं. एका बाईंनी कबूल केलं की मे महिन्यापासून त्या संध्याकाळी कचरा टाकायलाही नवऱ्याला पाठवतात. एक होत्या लिबियाच्या घरातल्या, त्रिपोलीत १९४५ मध्ये ज्यूंची कत्तल झाली त्यात त्यांच्या आजोबांच्या गल्लीतली माणसं गेली, त्या म्हणाल्या की अरब बायका त्यांच्या १९४८ बद्दल, म्हणजे इस्रायल झालं तेव्हा गेलेल्या घरांबद्दल, बोलायला लागल्या की माझ्या डोक्यात फक्त त्रिपोली येतं, मी काय करू? कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी आपली गोष्ट सांगितली, की ज्यू राष्ट्रात आलेल्या बेने इस्राएलांनाही रब्बींनी लग्नाच्या वेळी तुम्ही खरे ज्यू का म्हणून अडवलं होतं, १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेमला ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे कनेसेटने म्हणजे इथल्या संसदेने यांना सर्व बाबतीत ज्यू माना असं ठरवलं. त्यावर एकजण म्हणाली, "मग तुला तरी यांचं कळायला हवं." आणि दुसरी म्हणाली, "मग तू तरी यांना सांग की सहन केलं की होतं सगळं ठीक." एकाच गोष्टीचे दोन अर्थ, दोन्ही मला न विचारता काढलेले.

मग गावातून एकत्र फेरी. त्या फेरीवरून बरंच महाभारत झालं. अरब बाजूने म्हटलं की जुनं लोद बघायचं तर जुलै १९४८ पासून सुरुवात करायची, लोद आणि रामला मिळून पन्नास हजारांहून जास्त माणसांना तेव्हा गाव सोडून चालत जायला लावलं होतं, रेल्वेची कामं करणारे आणि आणखी थोडे मागे राहिले. आमच्यातल्या काहींनी म्हटलं मग जे ज्यू बाहेरच्या देशांतून येऊन इथल्या कॅम्पमध्ये तंबूत राहिले त्यांचंही सांगायचं. शेवटी दोन्ही सांगितलं, पण एकामागोमाग एक, चालता-चालता, आणि कोणी कोणाला उत्तर द्यायचं नाही हा नियम. हा नियम फॅसिलिटेटरने घातला म्हणून निभावलं. पीटीच्या सरांच्या आजी जिथे राहायच्या ती जागा आता पार्किंग आहे. सर तिथे उभं राहून बोलले, दोन मिनिटं, आणि मग पुढे चला म्हणाले.

त्याच फेरीत मी एका ठिकाणी थांबून राहिले. लोदला सेंट जॉर्जचं चर्च आहे आणि त्याला अगदी चिकटून मशीद, अल-खद्र. इथल्या बऱ्याच लोकांच्या मनात सेंट जॉर्ज, मुसलमानांचा संत खद्र आणि आमचा एलियाहू नबी हे एकमेकांत मिसळलेले आहेत. नोव्हेंबरात जत्रा भरते, ख्रिश्चनांबरोबर मुसलमानही येतात. आता आम्ही बेने इस्राएल म्हणजे एलियाहू हन्नबीचे भक्त, नवस फेडायला मलिदा करतो, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात तिथे माझी आई दरवर्षी जायची. हे मी जोडीदारला सांगितलं तर ती म्हणाली तिची आजीही खद्रला नवस बोलायची. पुढच्या मीटिंगला मी मलिदा करून नेला. सगळ्यांनी खाल्ला. छान वाटलं. पण खरं सांगू, खाण्यापिण्याने होणारी मैत्री या देशात गरजेपेक्षा जास्त झालेली आहे, दर कार्यक्रमाला हम्मस असतो, फोटो असतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे.

आम्ही खऱ्या अर्थाने जवळ आलो ते एका कागदावरून.

जोड्यांना काम दिलं होतं की एकमेकींच्या वर्गातली मुलांची वही-पेपर आणा आणि दोघींनी मिळून एक धडा तयार करा. मी अंकलेखनाचे पेपर नेले, बाई संख्या बोलते, मुलं लिहितात. त्यात एका मुलीचा कागद होता, अरब घरातली, हुशार, बोलकी, पण दोन अंकी संख्या लिहिताना विचित्र करायची. तेवीस सांगितलं की आधी ३ लिहायची आणि मग त्याच्या डावीकडे जागा करून २. उत्तर बरोबर, पण कधीकधी जागा चुकायची आणि ३२ व्हायचं. शाळेत तिच्याबद्दल तपासणीला पाठवायचं ठरत होतं, शिकण्यात काही अडचण आहे का म्हणून. फॉर्मही भरून झालेला.

जोडीदारने कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि लगेच म्हणाली, "ही कशाला चुकतेय? ही घरी ऐकते तसं लिहितेय."

गंमत अशी आहे. हिब्रूत २३ ला एस्रीम वे-शालोश म्हणतात, वीस आणि तीन. अरबीत त्लाते-उ-इश्रीन, तीन आणि वीस. अरबी मूल तीन आधी ऐकतं, आणि त्याची लिपी उजवीकडून जाते, त्यामुळे आधी ३ मग डावीकडे २, ऐकल्या क्रमाने लिहिलं की आपोआप २३ तयार. अगदी सरळ. पण त्याच मुलीला शाळेत हिब्रूत वीस आधी ऐकू येतात आणि बाई सांगते आकडे डावीकडून लिहा. घरचा क्रम एक, शाळेचा एक. आणि हिब्रूतही तेरा म्हणजे श्लोश-एस्रे, तीन-दहा, म्हणजे एकोणीसपर्यंत हिब्रू अरबीसारखी आणि वीसनंतर उलटी. पोर गोंधळणार नाही तर काय!

आणि मी, जिने ठाण्यात पोरांना तेवीस, चौतीस, पंचेचाळीस घोकून घेतलंय, जिथे सगळं एकक आधी बोलतात आणि लिहितात दशक आधी, मला हे चांगलंच ठाऊक. आमच्या मराठी मुलांचं तर अजून वाईट, ऐकायचं तीन-वीस आणि लिहायचं डावीकडून वीस-तीन, त्यामुळे त्रेपन्न सांगितलं की वर्गातली काही मुलं ३५ लिहिणारच. मी तिला एकोणतीस समजावलं. तिसात एक कमी. ती हसून-हसून वाकली. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणनव्वदपर्यंत असंच, आणि नव्व्याण्णवला मात्र अचानक नियम मोडतो, त्यावर ती म्हणाली, "तुमच्या मुलांना पदक द्या." २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस तीन, तीस चार असं बोलायचा पर्याय आणला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेलं, मंगला नारळीकरांना समिती प्रमुख म्हणून किती समजावून सांगावं लागलं, ते सगळं तिला सांगितलं. तिला पटेचना की संख्या कशी म्हणायची यावर कुठे सरकार भांडतं. मग स्वतःच म्हणाली, की आपल्याकडे तर पाटी कुठल्या भाषेत लिहायची यावर भांडतं. २०१८ च्या कायद्याने अरबीचा राजभाषेचा दर्जा काढलाय, त्याबद्दल बोलत होती.

मग आम्ही धडा केला. दहाच्या काड्यांचे गठ्ठे, सुट्या काड्या, दशकाचं कार्ड लाल, एककाचं निळं, निळं लालच्या शून्यावर बसतं. मूल घरची भाषा बोलो की शाळेची, आधी कार्डं उचलायची, ज्या क्रमाने ऐकू आलं त्या क्रमाने, आणि मग एकावर एक ठेवून बघायचं काय तयार झालं. लिहायचं सगळ्यात शेवटी. तिने तिच्या वर्गात घेतला कारण तिच्या मुलांना तिसरी-चौथीत हिब्रू वाढली की हाच घोळ होतो, मी माझ्या वर्गात घेतला. त्या मुलीचा फॉर्म परत घेतला. हे मुख्याध्यापिकेला समजवायला मला जोडीदारने लिहून दिलेला अर्ध्या पानाचा कागद दाखवावा लागला, आणि तिथे पहिल्यांदा एका अरब शिक्षिकेचं म्हणणं आमच्या शाळेत तज्ज्ञाचं म्हणून वाचलं गेलं. बरोबरी म्हणतात ती मला तरी तिथे दिसली.

धडा बघायला एकमेकींच्या शाळेत जायचं होतं. मी तिच्या शाळेत गेले तर गेटवर चहा. ती आमच्या शाळेत आली तर गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने पिशवी उलटी करून काड्यांचे गठ्ठे टेबलावर मांडायला लावले, ओळखपत्र बघितलं, फोन केला, परत बघितलं. पत्र आधीच दिलेलं होतं. पाच-सात मिनिटांचा प्रकार, पण वर्गातली मुलं खिडकीतून बघत होती. तिने काड्या पुन्हा रबरबँडने बांधल्या, वर आली आणि धडा घेतला. मुलांना काय आवडला म्हणून सांगू. नंतर काही पालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं की आधी का कळवलं नाही, कोण येणार आहे ते. एका आईने विचारलं की पुन्हा कधी येणार. दोन्ही मेसेज मी तिला दाखवले नाहीत, तिने विचारलंही नाही.

तारखा जुळवणं ही आणखी एक तऱ्हा. २०२२ मध्ये रमजान आणि पेसाख, म्हणजे आमचा वल्हांडण सण, एकाच वेळी आले. त्यांचे उपास, आमच्याकडे पाव बंद. मीटिंग इफ्तारनंतर ठेवली तर तैबेवाल्या घरी मध्यरात्री पोचणार, आधी ठेवली तर उपाशीपोटी. ख्रिश्चन शाळेतल्या दोघींचा ईस्टर वेगळाच. शेवटी झूम. शिक्षण खात्याच्या कॅलेंडरमध्ये हे सगळे सण लिहिलेले असतात बरं का, पण तासांच्या हिशोबाच्या एक्सेलमध्ये फक्त आमचेच धरलेले.

मधे एकदा जेरुसलेमच्या हॅन्ड इन हॅन्ड शाळेला भेट दिली. १९९८ पासून चालणारी ज्यू-अरब शाळा, वर्गात दोन बायका, एक हिब्रू बोलणारी एक अरबी, मुलं दोन्ही बोलतात. २०१४ मध्ये तिथला पहिलीचा वर्ग जाळला होता. बघून हरखून गेलो सगळे, पण परतीच्या बसमध्ये हिशोब सुरू झाला, दुसऱ्या बाईचा पगार कोण देणार, लोदमधले पालक फी कुठून भरणार. तसल्या शाळा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि आमची मुलं बाकीच्यांत आहेत.

मग ७ ऑक्टोबर २०२३, हमासचा हल्ला आणि गाझातलं युद्ध. तेव्हा गट तिसऱ्या वर्षात जाणार होता.

ते आठवडे मी कसे लिहू. सायरन, शाळा झूमवर, माझा भाचा लष्कराच्या रिझर्व्हमध्ये बोलावलेला, आमच्या ओळखीच्यांच्या ओळखीतली माणसं गेलेली. सगळ्यांना खात्री होती की लोद पुन्हा पेटणार. पेटलं नाही. यावर कोणी फार लिहीत नाही, पण २०२१ ची जखम ओली असलेली संमिश्र शहरं त्या वेळी शांत राहिली. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र दोनच दिवसांत फाटला. आमच्या बाजूच्या एकीने लिहिलं, मला तुमच्याकडून निषेधाचा एक शब्द हवाय, प्रत्येकीकडून. दोघींनी लिहिला. बाकीच्या अरब शिक्षिका गप्प. त्या गप्प राहण्याचे ज्याने-त्याने आपले अर्थ लावले. देशभर तेव्हा अरब कर्मचाऱ्यांना, विद्यार्थ्यांना एका पोस्टवरून, एका लाइकवरून निलंबित करत होते, कशाला कोण काही टाइप करेल. तीनजणी ग्रुप सोडून गेल्या, त्यातल्या लिबियावाल्या बाईही.

जोडीदारने मेसेज केला नाही, फोन केला. आधी भाच्याबद्दल विचारलं. मग म्हणाली, तिच्या आजीच्या बहिणीचं सगळं कुटुंब १९४८ पासून गाझात आहे, फोन लागत नाहीये, आणि हे ती शाळेत कोणाला सांगू शकत नाही, नवऱ्याशिवाय फक्त मला सांगतेय. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. बहुतेक फार काही बोललेच नाही. दोघींनी फोन मात्र ठेवला नाही, तिच्याकडे कुकरसारखं काहीतरी फुसफुसत होतं, माझ्याकडे टीव्ही म्यूटवर.

हिवाळ्यात फॅसिलिटेटर दोघींनी पुन्हा सुरू केलं. आधी वेगवेगळ्या झूमवर, ज्यू वेगळे अरब वेगळे, मला पहिल्या वर्षी उलटं वाटलेलं ते या वेळी नसतं तर गट उभाच राहिला नसता. मग एकत्र. पहिल्या एकत्र झूमला नियम होता की मुलांबद्दल बोलायचं, वर्गात काय दिसतंय ते. एका अरब बाईंनी सांगितलं की त्यांच्या शाळेला पुरेसा निवारा नाही, सायरन झाला की मुलांना जिन्याखाली बसवतात. आमच्या शाळेत दर मजल्यावर मजबूत खोली आहे. यावर वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्यातल्या तिघींनी मिळून पालिकेला पत्र लिहिलं, त्यात अरब शाळेचं नाव पहिलं घातलं आणि खाली ज्यू शिक्षिकांच्या सह्या आधी घेतल्या, कारण पालिकेत कोणाच्या सहीला वजन आहे हे सगळ्यांना माहीत होतं. एक कोपरा बांधून झाला, बाकी अजून कागदावर.

लोक मला विचारतात, विशेषतः भारतातले नातेवाईक, की यातून झालं काय. निवडणुका बदलल्या नाहीत, युद्ध थांबलं नाही. मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी गोष्ट गोलातली नव्हतीच. शिक्षण खातं आणि मेरखाविम नावाची संस्था गेल्या दहाएक वर्षांत अरब शिक्षकांना ज्यू शाळांमध्ये कायमच्या नोकरीवर आणतायत, गणित, इंग्लिश, सायन्स शिकवायला, जिथे शिक्षक मिळत नाहीत तिथे. वर्षाला काही तास एकत्र बसण्यापेक्षा रोज सकाळी स्टाफरूममध्ये एकाच केटलसाठी रांग लावणं मला जास्त खरं वाटतं. पण तिथे येणारी बाई एकटी पडू नये म्हणून आधी अशी ट्रेनिंगं लागतात, नाहीतर सुट्टीत ती गाडीत बसून डबा खाते, असं ज्यू शाळेत लागलेल्या एका मुलीने आम्हाला येऊन सांगितलं होतं.

माझ्या सासूबाई माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकवायच्या. ज्यूंनी काढलेली शाळा, आज वर्गात बहुतेक मुसलमान मुलं, आणि तिथे यात काही विशेष आहे असं कोणाला वाटत नाही. त्यांना मी हे सगळं सांगते तेव्हा त्या विचारतात, "याला ट्रेनिंग कशाला लागतं गं?" आता यांना काय सांगायचं. माझगावला कोणी कोणाचं गाव घेतलं नव्हतं आणि कोणी कोणाच्या घरावर रॉकेट टाकत नव्हतं, एवढंच म्हणते आणि विषय बदलते.

सध्या पैसे कमी केलेत, तास अर्धे झालेत, पगाराच्या पायरीला ते पुरत नाहीत, त्यामुळे नवीन कोणी येत नाही आणि जुन्या आम्ही काही जणी येतो. लिबियावाल्या बाई गेल्या वर्षी परत आल्या, कारण सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही, कोपऱ्यातली खुर्ची घेतली. आम्ही दोघी अंकलेखनाचा धडा वाढवतोय, आता शंभरच्या पुढे, तिथे वेगळाच घोळ आहे कारण अरबीत शेकडा आधी, मग एकक, मग दशक. आणि तिला बालभारतीचं ते दुसरीचं पुस्तक बघायचंय, २०१९ चं, संख्यावाचनाची पानं. मी ठाण्याच्या भावाला सांगितलं होतं, त्याने भलत्याच वर्षाचं पाठवलं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी रद्दीत पडलं असेल तर त्या पानांचे फोटो काढून पाठवा ना, स्पष्ट काढा, भाषांतर मी करते.